पाच ओळींची पाटी: सेनेका तळ्यापासून पोकिप्सीपर्यंत

पहिला दिवस

आई कल्याणहून तीन महिन्यांसाठी आली आहे. सदतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई, त्यामुळे दिसेल ती पाटी वाचल्याशिवाय पुढे जात नाही. न्यूयॉर्क शहर दोन दिवसांत उरकलं आणि तिनेच विचारलं, "तुमच्या इथल्या गावांतून फिरता येतं का गं? उंच इमारती पुरे झाल्या." मी बारा वर्षं न्यू जर्सीत राहते. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातून जाताना रस्त्याच्या कडेला निळ्या पाट्या आणि त्यांवरची पिवळी अक्षरं दिसतात. दरवेळी त्या ताशी पंचावन्न मैलांनी मागे जातात. या वेळी थांबायचं ठरवलं. पाच दिवसांची रजा घेतली, आईने दोनशे पानी वही घेतली आणि ऑक्टोबरातल्या एका सकाळी एडिसनहून निघालो.

या पाट्यांची गोष्ट अशी. १९२६ साली अमेरिकन क्रांतीला दीडशे वर्षं होत होती, त्या निमित्ताने न्यूयॉर्क राज्याने रस्त्याकडेला इतिहासाचे फलक लावायला सुरुवात केली. १९३९ पर्यंत सुमारे २,८०० लागले, आणि मग राज्याने पैसे देणं थांबवलं. जुन्या फलकांच्या तळाशी अजून 'राज्य शिक्षण विभाग' आणि साल वाचता येतं. अलीकडे सिरॅक्यूसचं पोमरॉय फाउंडेशन गावोगावच्या लोकांना नव्या फलकांसाठी पैसे देतं. मजकुराची मर्यादा ठरलेली: वर एक शीर्षक, खाली पाच ओळी. आईला हे फार आवडलं. "पाच ओळींत लिहायला लावलं की माणूस काय टाकतो आणि काय ठेवतो ते कळतं," ती म्हणाली. शाळेत सारांशलेखन तिने आयुष्यभर याच कारणासाठी घेतलं.

आम्ही १७ नंबरचा रस्ता धरला. तासाभराने एका काउंटीची हद्द लागली: सलिव्हन. हे नाव क्रांतीच्या युद्धातल्या अमेरिकन फौजेच्या जनरल जॉन सलिव्हनचं. पुढचे दोन दिवस आम्ही त्याच्याच मागावर असणार होतो, म्हणून आईला तेव्हाच सांगून ठेवलं.

साडेचार तासांनी एल्मायराजवळ न्यूटाउनच्या टेकडीवर पोचलो. २९ ऑगस्ट १७७९ रोजी सलिव्हनच्या फौजेची इथे इरोक्वॉय या इथल्या मूळ रहिवाशांशी आणि त्यांच्या बाजूने लढणाऱ्या इंग्रजनिष्ठ तुकड्यांशी गाठ पडली. टेकडीवर दगडी स्तंभ आहे, खाली शेमंग नदी आणि पिवळ्या-तांबड्या झाडांनी भरलेलं खोरं. वारा इतका की आईला शाल डोक्यावरून घ्यावी लागली. त्या संपूर्ण मोहिमेतली मोठी म्हणावी अशी लढाई ही एकच. त्यापुढचं सगळं दुसऱ्याच प्रकारचं काम होतं.

दुसरा दिवस

आजचा दिवस मला विसरता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

हौदेनोसौनी म्हणजे इरोक्वॉय सहा राष्ट्रांचा संघ. क्रांतीच्या युद्धात त्यातली चार मुख्यतः इंग्रजांच्या बाजूला गेली, ओनायडा आणि टस्करोरा अमेरिकनांच्या. १७७८ मध्ये वायोमिंग खोऱ्यात आणि चेरी व्हॅलीत वसाहतींवर हल्ले झाले. चेरी व्हॅलीत बायका-मुलं मारली गेली, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. त्यावर वॉशिंग्टनने ३१ मे १७७९ रोजी सलिव्हनला लेखी हुकूम दिला: तो मुलूख नुसता तुडवायचा नाही, नष्ट करायचा. सलिव्हनने परत आल्यावर हिशेब दिला की चाळीस गावं आणि एक लाख साठ हजार बुशेल (धान्याचं माप) मका नष्ट केला. सेनेका या सहांपैकी एका राष्ट्राच्या भाषेत वॉशिंग्टनला जे नाव पडलं त्याचा अर्थ 'गावं नष्ट करणारा' असा आहे, आणि पुढच्या अमेरिकन राष्ट्राध्यक्षांनाही त्याच नावाने ओळखलं गेलं.

एल्मायराहून १४ नंबरच्या रस्त्याने माँटूर फॉल्सला गेलो. गावातल्या रस्त्याच्या टोकाला, घरांच्या मागेच, धबधबा कोसळतो. हे सेनेकांची पुढारी कॅथरिन माँटूर हिचं गाव. फौज इथे १ सप्टेंबरला रात्री पोचली तेव्हा गाव रिकामं होतं, फक्त एक फार म्हातारी बाई मागे राहिली होती. पळता येत नव्हतं म्हणून राहिलेली. सैनिकांच्या रोजनिशांत तिची नोंद आहे. त्यांनी गाव जाळलं, पण तिच्यासाठी एक झोपडी उभी करून दिली, अन्न आणि सरपण ठेवलं आणि पुढे गेले. तीन आठवड्यांनी परत येताना ती तिथेच होती.

आईने हे ऐकून काहीच म्हटलं नाही. गाडीत बसल्यावर दहा मिनिटांनी म्हणाली, "घर जाळायचं आणि सरपण द्यायचं. त्या पोरांनाही झोप लागली नसेल."

वॉटकिन्स ग्लेनपासून सेनेका तळ्याच्या पूर्व काठाने वर निघालो. तळं म्हणायचं, पण लांबी जवळजवळ अडतीस मैल. उजवीकडे द्राक्षमळे, डावीकडे निळं पाणी. मध्येच आई ओरडली, "थांब थांब, गेली बघ पाटी!" मागे गाडी, थांबायला जागा नाही. अर्धा मैल पुढे जाऊन वळवून आणली. असं आज सहा वेळा झालं.

केंडाया इथे थांबलो. सैनिक याला 'ॲपलटाउन' म्हणत, कारण सफरचंदांची आणि पीचची जुनी झाडं होती. ५ सप्टेंबरला ते इथे आले. घरं जाळली तशी झाडंही मारली. तोडायला वेळ नसला तर बुंध्याभोवतीची साल गोल सोलून काढायची. असं केलेलं झाड लगेच पडत नाही. मुळांना वरून अन्न उतरत नाही आणि ते उभ्या उभ्या वाळत जातं. आईच्या माहेरी मुरबाडला आंब्याची कलमं होती. साल सोलणं म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागलं नाही.

मग जिनिव्हा. इथे कनाडेसागा हे सेनेकांचं मोठं गाव होतं, ७ सप्टेंबरला फौज पोचली. या मोहिमेच्या वाटेवर राज्याने १९२९ साली, दीडशे वर्षं झाली म्हणून, ग्रॅनाइटचे दगड आणि त्यांवर काशाचे एकसारखे पत्रे बसवले. वर वाटेचा नकाशा कोरलेला, खाली मजकूर. ऊन तिरपं होतं, त्यामुळे अक्षरांच्या कडा स्पष्ट उठल्या होत्या. पत्र्यावरून हिरवट ओघळ दगडावर उतरलेले. आईने बोट फिरवत एकेक शब्द वाचला आणि वहीत मराठी करून लिहिला: 'शत्रू इंडियन राष्ट्रांविरुद्धची मोहीम, तिने न्यूयॉर्क व पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवरील इंग्रजांच्या आणि इंडियनांच्या आक्रमणांना आळा घातला आणि संयुक्त संस्थानांची सत्ता पश्चिमेकडे वाढवली.'

लिहून झाल्यावर तिने वही लांब धरली, जशी विद्यार्थ्यांच्या वह्या धरत असे. "यात गाव हा शब्द कुठे आहे? मका? आग? सप्टेंबरात काढणीला आलेलं पीक जाळलं, मग ती माणसं हिवाळ्यात काय खाणार होती?"

पाच हजारांहून जास्त माणसं इंग्रजांच्या नायगारा किल्ल्याच्या आसऱ्याला गेली. १७७९-८० चा हिवाळा त्या शतकातल्या भयंकर हिवाळ्यांपैकी होता. भुकेने आणि थंडीने कितीतरी मेली. दगडावर हे नाही. मला त्या दगडाचा राग आला, आणि तो तिथून काढू नये असंही वाटलं. १९२९ साली राज्याच्या खर्चाने काय लिहावंसं वाटलं याचा तो पुरावा आहे. त्याच्या शेजारी दुसरा दगड हवा, तितकाच मोठा, तितक्याच महाग काशाचा.

जिनिव्हाबद्दल एक गोष्ट आईला मुद्दाम सांगितली. जिथे सफरचंदाची झाडं सोलून मारली, त्याच गावात आज कॉर्नेल विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र आहे, आणि अमेरिकन सरकारचा सफरचंदांच्या जातींचा राष्ट्रीय संग्रहही तिथेच आहे. हजारो झाडं, जगभरच्या जातींची, एकही नाहीशी होऊ नये म्हणून जपलेली. रस्त्याकडेच्या टपरीवरून आम्ही एम्पायर आणि कॉर्टलँड घेतली होती, त्या दोन्ही जाती इथेच तयार झालेल्या.

संध्याकाळी कॉलेजच्या हिरवळीवर एलिझाबेथ ब्लॅकवेलचा बसलेला पुतळा पाहिला. २३ जानेवारी १८४९ रोजी जिनिव्हा मेडिकल कॉलेजातून पदवी घेणारी ती अमेरिकेतली पहिली स्त्री डॉक्टर. तिचा अर्ज आला तेव्हा प्राध्यापकांनी निर्णय विद्यार्थ्यांवर सोडला, एकाचाही विरोध असला तर प्रवेश नाही अशा अटीवर. पोरांना ती थट्टा वाटली आणि सगळ्यांनी हो म्हटलं. आईने पुतळ्याच्या काशाच्या हातावर हात ठेवला आणि मनात हिशेब केला. "आनंदीबाईंच्या आधी सदतीस वर्षं," ती म्हणाली. शेवटच्या दिवशी कुठे जायचं हे तिने तिथेच ठरवून टाकलं.

तिसरा दिवस

कॅनंडेग्वा. काउंटी कोर्टाच्या हिरवळीवर एक मोठा धोंडा आहे आणि त्यावर पाटी. ११ नोव्हेंबर १७९४ रोजी इथे अमेरिकन सरकार आणि सहा राष्ट्रांमध्ये तह झाला, सरकारतर्फे टिमोथी पिकरिंगने सही केली. तहात सरकारने दरवर्षी ४,५०० डॉलरच्या वस्तू द्यायचं कबूल केलं, त्यातून आजही दरवर्षी कापड जातं. किमतीत ते कापड आता किरकोळ आहे, पण हौदेनोसौनी लोक पैसे नको, कापडच द्या असा आग्रह धरतात, कारण कापड येत आहे तोवर तह जिवंत आहे. दर ११ नोव्हेंबरला लोक या धोंड्यापाशी जमतात. कालच्या दगडासमोर उभं राहून आल्यावर हा धोंडा पाहताना आईचा चेहरा बदलला. इथे दोन्ही पक्षांची नावं होती.

याच कोर्टात जून १८७३ मध्ये सुझन बी. अँथनीवर खटला चालला. गुन्हा काय, तर बाई असून तिने १८७२ च्या निवडणुकीत मत दिलं. न्यायाधीशाने ज्यूरीला विचार करायला न देता दोषी ठरवायला सांगितलं आणि शंभर डॉलर दंड केला. तिने भर कोर्टात सांगितलं की एक डॉलरही भरणार नाही, आणि भरला नाही.

दुपारी व्हिक्टरजवळ गॅनोंडॅगनला गेलो. सतराव्या शतकातलं सेनेकांचं मोठं गाव. १६८७ च्या जुलैत फ्रेंच सेनापती देनोंव्हीलच्या फौजेने ते नष्ट केलं, आणि बरोबर तीनशे वर्षांनी, १९८७ च्या जुलैत, राज्याने ते ऐतिहासिक स्थळ म्हणून खुलं केलं. टेकडीवर झाडाच्या सालींनी मढवलेलं लांबलचक घर बांधलेलं आहे, आत दोन्ही बाजूंना झोपायचे माचे, मधोमध चुली, वर टांगलेली मक्याची वेणी. धुराचा वास लाकडात मुरलेला. आई एका माच्यावर बसली आणि उठायलाच तयार नव्हती.

इथे पांढऱ्या मक्याचं जुनं वाण पुन्हा पिकवतात, वाळवतात, दळतात. मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात लावायची त्यांची रीत. घेवडा मक्यावर चढतो आणि जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरतात. "आपल्याकडे ज्वारीत तूर आणि मूग घालतात तसंच की," आई म्हणाली. मक्याच्या पिठाची एक पिशवी आम्ही घेतली. पायवाटेवरचे फलक झाडांची नावं सेनेका भाषेत देतात. आईने ती देवनागरीत उतरवायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यावर सोडला, "माझ्याकडे या आवाजांना अक्षरं नाहीत."

चौथा दिवस

२० नंबरच्या रस्त्याने पूर्वेकडे. वॉटर्लू हे मेमोरियल डेचं, म्हणजे युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनाचं, जन्मगाव म्हणून मिरवतं. १८६६ साली तो इथे पाळला गेला म्हणून, आणि त्याची पाटीही आहे. चहा घेतला, फोटो काढला, पुढे.

सेनेका फॉल्सच्या वेस्लियन चॅपलमध्ये १९ आणि २० जुलै १८४८ रोजी स्त्रियांच्या हक्कांची पहिली परिषद भरली. जाहीरनाम्यावर शंभर सह्या, अडुसष्ट बायकांच्या, बत्तीस पुरुषांच्या. आज ते राष्ट्रीय स्थळ आहे, बाहेर लांब भिंतीवर जाहीरनामा कोरलेला आणि त्यावरून पाणी वाहतं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते मधल्या काळाचं. देऊळ गेलं, मग नाटकघर झालं, मोटारींचं दुकान झालं, शेवटी लाँड्री. त्या सगळ्या वर्षांत इमारतीची ओळख पटवून देणारा एक काशाचा पत्रा होता, १९०८ साली, परिषदेला साठ वर्षं झाली तेव्हा बायकांनी लावलेला. त्यांना तेव्हा मताचा हक्क नव्हता. देशभर मिळायला अजून बारा वर्षं होती. लोक कपडे धुवायला यायचे, भिंतीत काय घडलं होतं हे पत्रा सांगायचा. १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा वाचवण्यासारखं काही तरी शिल्लक होतं.

दुपारी ऑबर्न. स्वतः गुलामीतून पळून सुटलेली आणि इतरांना सोडवायला परत परत जाणारी हॅरिएट टबमन इथे राहिली. राजकारणी विल्यम सीवर्डकडून तिने १८५९ मध्ये जमीन घेतली, म्हाताऱ्या-आजाऱ्यांसाठी आश्रम काढला, १० मार्च १९१३ रोजी इथेच वारली. वर्षाने गावाने कोर्टासाठी काशाची पाटी केली. जून १९१४ मध्ये तिच्या अनावरणाला काळ्या लोकांचे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन आले होते. एका काळ्या बाईसाठी गोऱ्या गावाने १९१४ साली हे केलं ही मोठीच गोष्ट.

आई पाटीसमोर बराच वेळ उभी राहिली. पाटीवर लिहिलंय की तिने तीनशेहून जास्त लोकांना गुलामीतून सोडवलं. आज अभ्यासक सांगतात की तेरा-एक फेऱ्यांत सत्तरच्या आसपास. मला सत्तर हा आकडा जास्त मोठा वाटतो, कारण तो एकेका माणसाचा आहे. रात्री, चालत, पकडलं तर मरण, आणि तेराव्यांदा परत जायचं. गुलामांना पळवून नेण्याच्या गुप्त वाटांना 'भूमिगत रेल्वे' म्हणत. पाटीवर शेवटी तिचं वाक्य दिलं आहे: माझी गाडी कधी रुळावरून घसरली नाही आणि माझा एकही प्रवासी हरवला नाही. बाकी सगळी पाटी शुद्ध इंग्रजीत, फक्त तिचं वाक्य मोडक्या उच्चारात, 'नेव्हर'चं 'नेबर' करून. आईच्या ते लगेच लक्षात आलं. "मान द्यायला पाटी लावली आणि बोलताना तिला खाली बसवलं," ती म्हणाली. वहीत तिने ते वाक्य प्रमाण मराठीत लिहिलं, दोनदा खोडून.

फोर्ट हिलच्या दफनभूमीत टबमनची साधी शिळा आहे, तिच्यावर लोकांनी नाणी ठेवली होती. त्याच टेकडीवर केयुगा या सहांपैकी एका राष्ट्रात जन्मलेल्या लोगन या पुढाऱ्याचा उंच स्तंभ आहे आणि त्यावर त्याचाच प्रश्न: लोगनसाठी रडायला कोण आहे?

रात्री हॉटेलात आईने विचारलं की या सगळ्या पाट्या ओततं कोण. ओहायोतल्या मरिएटा गावी १९२७ पासूनचा एक कारखाना आहे, देशातल्या कितीतरी राज्यांच्या पाट्या ॲल्युमिनियममध्ये तिथे ओतल्या जातात. संस्थापकाचं आडनाव हॉज (Hawes), त्याचं स्पेलिंग उलटं करून कारखान्याचं नाव ठेवलं: Sewah. फोनवर तिने ते वाचलं आणि म्हणाली, "अगं, हे तर 'सेवा' आहे."

पाचवा दिवस

पहाटे निघालो. चार तासांचा रस्ता, मग हडसनच्या काठचं पोकिप्सी. दफनभूमी मोठी आहे, जुने ओक, नदीकडे उतरती जमीन. माझ्याकडे जागेचा नंबर होता तरी शोधायला अर्धा तास लागला.

आनंदीबाई जोशींची गोष्ट मराठी वाचकाला काय सांगावी. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी दहा दिवसांचं मूल गेलेलं, जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात नवऱ्याशिवाय उतरलेली अठरा वर्षांची मुलगी. बंदरावर घ्यायला आलेल्या होत्या रोझेलच्या मिसेस थिओडिसिया कार्पेंटर. ते रोझेल माझ्या घरापासून वीस-पंचवीस मिनिटांवर आहे आणि बारा वर्षांत मी तिथे एकदाही थांबले नव्हते. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी, त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर. मग कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झालेली, आणि रुजू होण्याआधीच क्षयाने पुण्यात मृत्यू. बावीस वर्षंही पुरी नव्हती. अस्थी मिसेस कार्पेंटर यांच्याकडे आल्या आणि त्यांनी त्या आपल्या घराण्याच्या जागेत पुरल्या.

शिळा लहान आहे, गुडघ्याएवढी. भोवती परक्या आडनावांच्या शिळा. वर नाव, पुढे एम. डी., १८६५-१८८७, आणि खाली: शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री. आईने बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवला आणि अक्षरांमधलं शेवाळ पुसलं, 'जे'पासून सुरुवात करून. वाटेत घेतलेली शेवंती ठेवली. मग तिथेच गवतावर बसली.

"जात लिहिली," ती म्हणाली. "गाव नाही लिहिलं."

आईचं शाळेतलं सगळं आयुष्य कल्याणात गेलं, आनंदीबाई तिथे जन्मल्या. शाळेत दरवर्षी ३१ मार्चला ती मुलींना त्यांच्यावर निबंध लिहायला द्यायची. तिने वही काढली. दोनशेपैकी एकशे चाळीस पानं भरली होती. नवं पान उघडून तिने मधोमध रेघ मारली, चौकट आखली, वर न्यूयॉर्क राज्याच्या नकाशासाठी एक छोटा गोल सोडला. दोन-तीनदा ओळी मोजल्या, एक शब्द काढला, परत घातला. मला दाखवलं तेव्हा असं होतं:

आनंदीबाई जोशी

जन्म कल्याण, ३१ मार्च १८६५.
फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, ११ मार्च १८८६.
मृत्यू पुणे, २६ फेब्रुवारी १८८७.
अस्थी मिसेस कार्पेंटर यांनी
आपल्या घरच्या माणसांत ठेवल्या.